पत्रात नसलेला पत्ता

माझ्या भाचीची मुलगी या ग्रुपवरचे अनुभव मला मोबाइलवर वाचून दाखवते. घाटात हात दाखवणारी बाई, बंद खोलीतल्या बांगड्या, पिंपळाखालचा माणूस... ऐकायला मजा येते, पण खरं सांगायचं तर एकावरही माझा विश्वास बसत नाही. मी पनवेलला मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. एखाद्या मुलीच्या अंगात आलं म्हणून वर्गात गोंधळ उडाला, की मी आधी तिला विचारायची, सकाळी काही खाल्लंस का? बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळायचं.

तरी हे तिला टाइप करायला सांगतेय. मी आता नव्वदीत आहे. तेव्हा ज्यांना हे माहीत होतं ती दोन्ही माणसं गेली. माझ्या अनुभवात भूत नाही, सावली नाही, आवाज नाही. मी एक पत्र वाचलं, एवढंच. दिवसाउजेडी, खिडकी उघडी, खाली रस्त्यावर टांगे चालू.

साल अठ्ठावन्न. दसरा नुकताच होऊन गेला होता आणि ऑक्टोबरचा उकाडा ऐन भरात होता. आम्ही लाइन आळीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांत भाड्याने राहायचो, मी आणि माझी आई. वडील हायस्कूलमध्ये हेडमास्तर होते, ते दोन वर्षांपूर्वी वारले. मला एम.एस्सी. करायचं होतं, ते तिथेच राहिलं, आणि मी शाळेत लागले.

वडिलांचा एक लाडका विद्यार्थी होता, दामोदर. रोडपालीचा. आता तिथे सेक्टर आणि टॉवर झालेत. तेव्हा खाडीच्या कडेचं छोटं गाव होतं. घरची थोडी भातशेती, बाकी मिठागरावरची मजुरी. बापूस लहानपणीच गेलेला. आई, सोनीबाय, मिठागरावर राबायची आणि बाजारच्या दिवशी पाटीत चिंबोऱ्या-निवट्या घेऊन पनवेलला यायची. दामू मॅट्रिकच्या वर्षी आमच्याच व्हरांड्यात अभ्यासाला बसायचा. मला ताई म्हणायचा. पुढे मुंबईला कॉलेज, रसायनशास्त्रात पहिला वर्ग, आणि मग फ्रान्सची शिष्यवृत्ती. रोडपालीचा मुलगा पॅरिसला गेला हे पनवेलमध्ये कित्येकांना पटतच नव्हतं.

सोनीबायला लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणून दामू तिची पत्रं माझ्या पत्त्यावर पाठवायचा. पत्र आलं की मी बाजारात निरोप द्यायची आणि दुसऱ्या दिवशी ती हजर. पाटी जिन्याखाली ठेवायची, कारण आमच्या मालकीणबाईंना मासळीचा वास चालत नसे. वर येऊन उंबऱ्याशी बसायची. मी आत बोलावलं तरी "हितंच बरं हाय" म्हणायची.

त्या पत्रांची मीही वाट बघायची, हे कबूल करते. पॅरिसमध्ये नदीच्या डाव्या काठाला टेकडीवर चढत गेलेला एक जुना भाग आहे, लॅटिन क्वार्टर. सातशे-आठशे वर्षं तिथे विद्यापीठ आहे. देशोदेशीचे विद्यार्थी जमायचे, एकाची भाषा दुसऱ्याला येत नसे, म्हणून सगळे लॅटिनमध्ये बोलत. त्यावरून ते नाव, असं दामूने लिहिलं होतं.

"म्हंजी भटांचं संस्कृत," सोनीबाय म्हणाली होती.

"तसंच," मी म्हटलं.

दगडी फरसबंदीचे चढ, नदीकाठी जुन्या पुस्तकांच्या पेट्या मांडून बसलेले विक्रेते, कोपऱ्यावर भाजून मिळणारी चेस्टनट नावाची फळं, थंडीत काचा पुसत तासन्‌तास एका कॉफीवर वाद घालणारी पोरं... दामू फार छान लिहायचा. त्याने एक घडीचा नकाशाही पाठवला होता. तो मी भिंतीला लावला होता आणि शाळेतून आले की त्यावर बोटाने फिरायची. सोनीबायचे प्रश्न वेगळे असायचे. तिकरं भात मिलतो काय, पानी कुठून भरतात, त्याची मालकीन कशी हाय.

दामू एका स्वस्त हॉटेलात महिन्याने खोली घेऊन राहत होता. शेजारच्या खोलीत पाँडिचेरीचा सेल्वम नावाचा मुलगा होता. दोघं मिळून स्पिरिटच्या स्टोव्हवर चोरून भात शिजवायचे. हॉटेलचा पत्ता अर्थात माझ्याकडे होता.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर पत्रं कमी झाली. आधी दर पंधरवड्याला यायचं, मग महिन्याने, मग ऑगस्टनंतर एकही नाही. सोनीबाय न बोलावताही यायला लागली. बाजार नसला तरी रोडपालीहून चालत यायची, उंबऱ्याशी बसायची. "आला काय?" विचारायची. नाही म्हटलं की लगेच उठायची नाही. मीही आतबाहेर करत राहायची. कसली तरी कुणकुण लागल्यासारखं झालं होतं मला. वर्गात शिकवता शिकवता मध्येच शब्द हरवायचा.

आणि एका बुधवारी पत्र आलं. विमानाचं निळं पत्र, पातळ, तिन्ही बाजूंनी चिकटवलेलं. मी शाळेतून साडेचारला आले तर ते दारात पडलेलं, आणि सोनीबाय जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेली. आई पेणला मामाकडे गेली होती. घरात आम्ही दोघीच.

मी खिडकीशी खुर्ची ओढली, पत्र फोडलं आणि वाचायला लागले. पत्र छोटं होतं. मी खुशाल आहे, परीक्षा चांगली गेली, इथे थंडी सुरू झाली, तू उन्हात फार काम करू नकोस, ताईंना नमस्कार. नेहमीसारखंच, फक्त घाईत लिहिलेलं. पुढे होतं, "मी खोली बदलली आहे. आता अकरा नंबर, र्यू द्यु..." र्यू म्हणजे रस्ता, हे हॉटेलच्या पत्त्यावरून मला माहीत होतं. पुढचा शब्दही फ्रेंच होता, इंग्रजी लिपीत. मी तो 'पुइट्स' असा वाचला. "अंगणातून मागचा जिना, पाचवा मजला. दारावर नाव नाही. खाली पुस्तकं बांधणारा एक म्हातारा आहे, त्याला विचारलं तर तो सांगेल." आणि मग शेवटची ओळ: "आये, मना उठवत नाय. पानी पन लांब हाय."

ती ओळ वाचताना मी अडखळले. दामू आईशी बोलताना आगरी बोलायचा, पण लिहिताना कधीच नाही. वडिलांच्या हाताखाली शिकलेला मुलगा, अगदी आईलाही शुद्ध मराठीत लिहायचा. आणि मला ती बोली ऐकून कळते, पण माझ्या तोंडात ती कधी बसली नाही. त्या दिवशी बसली.

सोनीबाय उंबऱ्यावरून उठून माझ्याजवळ आली. पहिल्यांदाच. तिने माझा दंड धरला.

"बाई, त्याला ताप हाय," ती म्हणाली. "कोनाला तरी धाडा."

"धाडते," मी म्हटलं. "त्याचा तो मित्र आहे ना, सेल्वम. त्याला तार करू. तो जवळच राहतो."

मी कागद-पेन्सिल घेतली आणि पत्ता उतरवायला पत्र हातात धरलं.

पत्रात पत्ता नव्हता.

मला वाटलं, मागच्या बाजूला असेल. उलटं केलं. मागे फक्त माझा पत्ता आणि त्याचा हॉटेलचा पत्ता. चिकटवायच्या कडा उलगडल्या, खिडकीत उजेडावर धरलं. आठ ओळी होत्या. "ताईंना सा. नमस्कार" आणि त्याखाली सही. खोली बदलल्याचं नाही, पुस्तकं बांधणारा म्हातारा नाही, काहीच नाही. मी त्या आठ ओळी चार-पाच वेळा वाचल्या असतील.

"सोनीबाय," मी म्हटलं, "आत्ता मी काय वाचलं, ते सांगा बरं."

तिने सांगितलं. शब्द न शब्द. अकरा नंबर, पुइट, अंगनातून मागचा जिना, पाचवा माला, दारावर नाव नाय, खाली पुस्तकं बांदनारा म्हतारा. शेवटची ओळ तिने सांगितली नाही, नुसतं तोंडाला पदर लावला.

म्हणजे मी ते मनात वाचलं नव्हतं. मोठ्याने वाचलं होतं, आणि तिने ऐकलं होतं.

आता काय करायचं? त्या पाच मिनिटांत माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं ते सांगत नाही. मला वेड लागतंय, असंही वाटलं. वडील गेल्यापासून मी रात्रंदिवस त्या पत्रांत राहत होते, बोटाने नकाशावर फिरत होते. मन काहीही रचू शकतं. उद्या हे सगळं खोटं निघालं तर सेल्वमला काय वाटेल, सोनीबायला मी काय तोंड दाखवणार? आणि तिला खरं सांगायचं तर काय सांगायचं — की मी वाचलं ते लिहिलेलंच नाही? जिला अक्षर येत नाही, तिला हे कसं सांगतात?

ती दाराकडे निघाली होती. "तारेचं हापीस बंद व्हईल," एवढंच म्हणाली.

आम्ही टपाल नाक्याकडे जवळजवळ पळतच गेलो. तारमास्तर ओळखीचे होते. पॅरिसला तार म्हटल्यावर त्यांनी चष्मा चढवला आणि मजकूर मागितला. मी इंग्रजीत लिहून दिला: दामोदर आजारी, अकरा, र्यू द्यु पुइट्स, मागचा जिना, पाचवा मजला, खाली बुकबाइंडरला विचार, ताबडतोब जा.

"हा शब्द काय आहे बाई? स्पेलिंग सांगा, इथे चूक चालत नाही."

"पी, यू, आय, टी, एस," मी म्हटलं. एका दमात.

"पत्त्याची खात्री आहे ना?"

"हो," मी म्हटलं. सोनीबाय माझ्या शेजारी उभी होती.

घरी येऊन मी आधी भिंतीवरचा नकाशा काढला आणि वडिलांचं भिंग घेऊन तपासला. ती गल्ली त्यात नव्हती. मग दामूची जुनी सगळी पत्रं काढली. सतरा होती. एकातही तो शब्द नाही. मला फ्रेंच येत नव्हतं, आजही येत नाही.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. गुरुवारी सोनीबाय आली, बसली, गेली. शुक्रवारी तेच. शनिवारी ती मिठागरावर गेलीच नाही, सकाळपासून आमच्या जिन्यात होती. मालकीणबाईंनी कधी नव्हे ते तिला चहा दिला. मला शाळेत बसवेना. प्रयोगशाळेत मी ॲसिडची बाटली उघडी ठेवून निघून आले, आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं. एकदा वाटलं, तार चुकीच्या ठिकाणी गेलेलीच बरी. कारण ती बरोबर निघाली तर मग मला काय झालंय?

सोमवारी दुपारी तार आली. सेल्वमची. इंग्रजीत मोजके शब्द होते: दामोदर सापडला, हॉस्पिटलात आहे, जिवंत, पत्र पाठवतो.

मी ती सोनीबायला वाचून दाखवली. तिने डोळे मिटले आणि भिंतीला टेकली. मग म्हणाली, "परत वाचा." मी परत वाचली. प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून.

सेल्वमचं पत्र पुढे काही दिवसांनी आलं. चार पानं, बारीक अक्षर. दामू सप्टेंबरच्या परीक्षेत नापास झाला होता आणि शिष्यवृत्ती थांबली होती. त्याने कोणालाच सांगितलं नाही. एका सकाळी सेल्वम बाहेर गेलेला असताना तो ट्रंक घेऊन हॉटेलातून निघून गेला. कुठे, ते मागे कळवलं नाही. सेल्वमने कॅफे, लायब्रऱ्या, विद्यापीठाचे जिने पालथे घातले होते. माझी तार आली तेव्हा तोही गोंधळला, कारण ती गल्ली त्यालाही माहीत नव्हती. विचारत विचारत गेला. टेकडीच्या मागच्या अंगाला, जेमतेम दहा-बारा घरांची गल्ली. अकरा नंबरच्या अंगणात डिंकाचा वास येत होता, आणि एक म्हातारा पुस्तकाला कातडं चढवत बसला होता. त्याने मागच्या जिन्याकडे बोट केलं. वर दार नुसतं लोटलेलं. दामू जमिनीवर होता, अंगात आग. फुप्फुसात पाणी झालं होतं. खोलीत पाणी नव्हतं. नळ दोन मजले खाली होता. डॉक्टर म्हणाले, अजून दोन दिवस गेले असते तर कठीण होतं.

शेवटी सेल्वमने लिहिलं होतं, "दामू शुद्धीवर आल्यावर मी त्याला विचारलं, ताईंना पत्ता कधी कळवलास? तो म्हणतो, कोणालाच कळवला नाही. तुम्हाला तो कुणी दिला?"

मी ते निळं पत्र पुन्हा काढलं. त्यावर पॅरिसच्या टपालाचा शिक्का होता. सेल्वमच्या पत्राशी ताडून पाहिलं. दामूने ते पत्र हॉटेल सोडायच्या चार दिवस आधी टाकलं होतं. म्हणजे ते लिहिलं तेव्हा ती खोली त्याने घेतलेलीच नव्हती.

सेल्वमला मी लिहिलं, "पुढे कधीतरी सांगेन." ते कधी सांगितलं नाही.

दामू हॉस्पिटलात, मग डोंगरातल्या एका आरोग्यधामात राहून पुढच्या वर्षी बोटीने परत आला. बारीक झाला होता, केस कमी झाले होते. मला भेटायला आला तेव्हा मला वाटलं होतं, बोलेल, विचारेल. त्याने चहा घेतला आणि म्हणाला, "ताई, ते पत्र बघू."

मी दिलं. त्याने वाचलं, उलटं करून बघितलं, घडी घालून परत दिलं.

"यात काही नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे."

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "मला कोणी शोधू नये म्हणून मी तिथे गेलो होतो." रागावलेला नव्हता, पण आभारही मानले नाहीत त्याने. माझ्याशी आधीसारखा मोकळा तो पुन्हा कधी झाला नाही. आपली लाज कुणीतरी आपण न सांगता पाहिली, हे त्याला जड गेलं असावं. मी ते समजू शकते. पुढे त्याला बडोद्याच्या एका कारखान्यात केमिस्टची नोकरी लागली, लग्न झालं, संसार चांगला झाला.

सोनीबायला मात्र मी खरं सांगितलं नव्हतं, आणि ते मला टोचत होतं. दामू बडोद्याला गेल्यावर एका बाजारच्या दिवशी ती आली, तेव्हा मी धीर केला.

"सोनीबाय, एक सांगायचंय. त्या दिवशी मी जो पत्ता वाचला ना... तो पत्रात नव्हताच. मी नंतर पाहिलं. त्यात लिहिलेलंच नव्हतं."

ती सुपारी कातरत होती. तिने मान वर केली नाही.

"मना म्हाईत हाय," ती म्हणाली.

"कसं माहीत?"

"तुमी कागद मांडीवर ठेवला व्हता. खिरकीतून भायेर बघत व्हता. तरी वाचतच व्हता."

मला अजूनही त्या कागदावरचं दामूचं अक्षर आठवतं. त्या फ्रेंच शब्दातल्या 'टी'वर त्याने दिलेली आडवी रेघ आठवते. मी ते डोळ्यांनी पाहिलंय. आणि ती सांगत होती की मी कागदाकडे बघतच नव्हते.

"मग तेव्हाच का नाही बोललात?" मी विचारलं.

"बोलले असते तर तुमी थांबला असता," सोनीबाय म्हणाली.

माझा भाचा डॉक्टर आहे. त्याला मी हे दोनदा सांगितलं. तो म्हणतो, पत्रं थांबली होती, मनात काळजी होती, आजाराचा अंदाज कोणीही केला असता. हे मला मान्य आहे. पण नंबर? गल्ली? तो म्हातारा? त्यावर तो म्हणतो, कुठेतरी वाचलं असेल, विसरली असशील. कुठे, ते त्यालाही सांगता येत नाही. मी पॅरिसला कधी गेले नाही. त्या शब्दाचा उच्चार 'प्वी' होतो आणि अर्थ विहीर, हेसुद्धा मला सेल्वमच्या पत्रातून कळलं.

दामूची बडोद्याची पत्रंही माझ्याच पत्त्यावर यायची, आणि सोनीबाय ती ऐकायला यायची, थेट ती जाईपर्यंत, अकरा-बारा वर्षं. मी प्रत्येक ओळीखाली बोट ठेवून, कागदावरची नजर न हलवता वाचायची. सहीपर्यंत आले की थांबायची. ती कागदाकडे कधीच बघायची नाही. माझ्या तोंडाकडे बघायची. आणि पत्र संपलं, मी घडी घातली, तरी थोडा वेळ तशीच बघत राहायची. मी ओठ मिटून बसायची. मग ती "बरं" म्हणायची आणि पाटी घ्यायला खाली उतरायची.